पुरुषांच्या शरीराला एक न्याय, स्त्रियांच्या शरीराला दुसरा?

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या, तर एकानेही दुसऱ्या मुलाला होकार दिला नसता, असा बिनतोड युक्तिवाद त्या भाषणात होता. सभागृहाने ठराव फेटाळला.

आज चित्र काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झाली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के!

पुरुषांसाठी औषध निघत नाही का? निघते. शुक्राणूंची निर्मिती रोखणारी हार्मोनची इंजेक्शने दर ८ आठवड्यांनी देण्याचा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने ३२० पुरुषांवर झाला. परिणामकारकतेच्या टप्प्यातील २६६ जोडप्यांत केवळ ४ गर्भधारणा झाल्या. मात्र नैराश्य, मनःस्थितीतील चढउतार, मुरुमे अशा तक्रारी आल्या आणि २०११ मध्ये एका सुरक्षा समितीच्या शिफारशीवरून तो थांबवला गेला. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून येताच ‘पुरुष घाबरले’ अशी थट्टा झाली. ती खोटी आहे. ७५ टक्क्यांहून अधिक पुरुष हे औषध वापरायला तयार होते.

समितीने सावधगिरी दाखवली, यात गैर काही नाही. प्रश्न असा, की हीच सावधगिरी स्त्रियांच्या वेळी कुठे होती? १९५६ मध्ये गर्भनिरोधक गोळीची चाचणी प्वेर्तो रिकोतील गरीब स्त्रियांवर झाली. हा प्रयोग आहे, हेही त्यांना सांगितले नव्हते. त्यांच्या तक्रारी दुर्लक्षून १९६० मध्ये गोळीला मान्यता मिळाली. आपल्याकडे नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरच्या नसबंदी शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. त्या गोरगरीब घरांतल्याच होत्या. अखेर देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये ही शिबिरे ३ वर्षांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला.

आता खांद्यावर रोज चोळायच्या हार्मोन जेलची चाचणी २०१८ पासून झाली आहे. उद्या ते बाजारात येईल. त्याचे स्वागतच करू. पण आणीबाणीतील सक्तीची नसबंदी विसरू नका. नव्या औषधाची सक्ती पुन्हा झोपडपट्टीतल्या पुरुषावर होता कामा नये.

मागणी साधी आहे. पूर्ण माहिती, स्वेच्छेची संमती आणि सुरक्षिततेचा एकच मापदंड. मग देह स्त्रीचा असो वा पुरुषाचा, बंगल्यातला असो वा वस्तीतला. समता याहून वेगळी नसते.