जाणत्यासोबत खारघरचा डोंगर

नवी मुंबईतल्या फ्लॅटच्या जाहिरातीत डोंगर हमखास असतो. 'हिल व्ह्यू'साठी चौरस फुटामागे जादा पैसे मोजणाऱ्यांपैकी त्या डोंगरावर पाऊल किती जणांनी ठेवलंय, हे सोसायटीच्या सभेत एकदा विचारून पाहावं. पार्किंगचा वाद तेवढ्यापुरता तरी थांबेल.

खारघरचा डोंगर चढायला तसा अवघड नाही. वरच्या फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी पाड्यांकडे डांबरी रस्ता जातो. सुट्टीच्या पहाटे त्यावर चालणारे, धावणारे, सायकलवाले अशी वर्दळ असते. मग गटाबरोबर, लीडरच्या मागून जायचं कशासाठी? रस्ता सोडून पायवाटेला लागलं की याचं उत्तर मिळतं, आणि पावसाळ्यात तर ते फार कठोरपणे मिळतं.

याच डोंगराच्या कुशीत पांडवकडा आहे. सुमारे १०७ मीटर उंचीचा धबधबा. ऑगस्ट २०१९ मध्ये या परिसरातल्या ओढ्यात चार महाविद्यालयीन तरुणी वाहून गेल्या. पावसाळ्यात तिथे जायला बंदी घातली जाते आणि ती मोडलीही जाते. ओढा घोटाभर दिसतो, ऊन पडलेलं असतं, मग भीती कसली? पण हा सगळा काळा कातळ आहे, त्यावर मातीचा थर पातळ. पाणी मुरायला जागाच नाही. वर पठारावर एक जोराची सर आली की खाली थेंब नसतानाही काही मिनिटांत ओढा फुगतो. जाणता माणूस आकाशाआधी पाण्याकडे बघतो. ते अचानक गढूळलं, पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या की तो एक शब्द न बोलता सगळ्यांना काठावर घेतो. तीच गोष्ट घसाऱ्याची. सुट्या मुरमावरून चढताना काही वाटत नाही, उतरताना पाय सरकतो. लीडर पुढे असतो आणि सर्वांत मागे गटाचाच एक अनुभवी माणूस असतो. त्या मागच्या माणसाच्या पुढेच सगळ्यांनी चालायचं, हा साधा नियम. लीडर किती शिखरं चढलाय हे मी विचारत नाही. तो कुठून मागे फिरलाय, हे विचारतो.

दुसरा फायदा थांबण्याचा. एकटा माणूस घड्याळ बघत चढतो. जाणत्याबरोबर गेलं की दर शंभर पावलांवर थांबावं लागतं, कारण दाखवण्यासारखं काहीतरी असतं. पायाखालचा दगड साडेसहा कोटी वर्षांमागच्या लाव्ह्याचा. त्यातली बारीक छिद्रं म्हणजे लाव्हा निवताना त्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. पुढे काही छिद्रांत पांढरे स्फटिक भरले. दिवाळीच्या सुमारास गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, चुकार सोनकी कुठेतरी अजून फुललेली असते. थंडी सरता सरता पानं गाळून बसलेला कांडोळ आपल्या पांढुरक्या खोडामुळे लांबूनच ओळखू येतो, मग सावर आणि पळस पेटतात. आणि रानभाज्या ओळखायच्या तर पुस्तक मिटावं. टाकळा कधी कोवळा, शेवळं खाजू नयेत म्हणून त्यात काय घालायचं, कर्टोली कुठल्या बांधाला मिळतील, हे पाड्यातल्या बाईइतकं नेमकं कुणी सांगत नाही. माझ्या मते गटाने शहरातून एक निसर्गतज्ज्ञ आणण्याआधी पाड्यातला एक वाटाड्या घ्यावा, आणि त्याला चहापाण्यावर न बोळवता ठरलेली मजुरी द्यावी.

वरून दिसतं ते शहरही वाचून दाखवायला कुणीतरी लागतं. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको आली. ९५ गावांच्या, ३४४ चौरस किलोमीटरच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. त्या गावांच्या भातखाचरांचं काय झालं, तेही लीडरने सांगायला हवं. दक्षिणेला विमानतळ. २०२५ मध्ये सुरू झालेल्या त्या धावपट्टीसाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. उत्तरेकडे पारसिकची रांग. तिच्या उतारांवर दगडखाणींचे व्रण आहेत आणि मुंब्र्याकडच्या टोकाला पोटातून १९१६ पासून रेल्वेचा बोगदा जातो. जो दगड फुटला त्यावरच आपल्या इमारती उभ्या आहेत, हे 'हिल व्ह्यू'वाल्यांना कळलेलं बरं.

तब्येतीचं म्हणाल तर चढणीने दम वाढतो, हे सगळे जाणतात. उताराचं ऐका. ऑस्ट्रियातले डॉक्टर हाइन्झ ड्रेक्सेल यांनी लोकांना आल्प्समध्ये एकदा फक्त चढायला आणि एकदा फक्त उतरायला लावलं. उरलेली फेरी केबल कारने. चढल्याने रक्तातले ट्रायग्लिसराइड्स घटले, तर उतरल्याने शरीराची साखर पचवण्याची क्षमता सुधारली. मधुमेहाच्या आपल्या प्रदेशात हे कानावर घालण्यासारखं आहे, अर्थात गुडघे आणि डॉक्टर या दोघांची परवानगी घेऊनच. गटाचा गुण वेगळा. २०१५ मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गटाने चालण्यावरचे ४२ अभ्यास, १,८४३ माणसं, एकत्र तपासले. रक्तदाब, विश्रांतीतले हृदयाचे ठोके, उदासीनता, सगळ्यांत सुधारणा आढळली आणि मध्येच सोडून जाणारे थोडे. मला ते शेवटचंच महत्त्वाचं वाटतं. सकाळी साडेपाचला कुणीतरी स्टेशनवर आपली वाट बघतंय, यासारखा गजर नाही.

आता गट कुठला? एका लीडरमागे शंभर माणसं आणि खांद्यावर ब्लूटूथ स्पीकर, असली जत्रा टाळावी. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, ती आहे का विचारावं. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाकडे, एका लीडरमागे किती जण, वनखात्याची परवानगी घेतली का, हेही विचारावं. डोंगरसवय झाली की पनवेलजवळचं कर्नाळा. १९६८ चं ते अभयारण्य, बारा चौरस किलोमीटरचं, वर अंगठ्यासारखा उभा सुळका. सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, म्हणून तिथे अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा तर नकोच. सांगूनही न ऐकणाऱ्याला जो लीडर खालूनच घरी पाठवतो, त्याचा नंबर जपून ठेवावा.

आणि पैसे भरताना एवढं आणखी विचारा: न्याहारी पाड्यातल्या एखाद्या घरी सांगितली आहे, की खालच्या हॉटेलात?