ओसाड म्हणजे काय? औंढ्याच्या डोंगरावर एक सकाळ

मागच्या वेळी अबूच्या पहाडाचा विषय निघाला होता. भोवती राजस्थानचा कोरडा, काटेरी मुलूख, मध्ये १,७२२ मीटरचं गुरुशिखर. पायथ्याशी बोरी-बाभळी, आणि वर चढत गेलं की दऱ्यांतून दाट, ओलसर रान. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, आपले हिंगोलीचे डोंगरही उन्हाळ्यात वाळवंटच असतात. मग आपल्याकडे असं काही का नाही?" प्रश्न चांगला होता. म्हणून मार्चअखेरीस औंढा नागनाथच्या डोंगरावर गेलो. गुडघे नको म्हणत होते, तरी गेलो.

आधी एक गैरसमज दूर करू. वाळवंट ठरतं ते मुख्यतः पावसावरून. जैसलमेरकडे वर्षाला अडीचशे मिलिमीटरही पडत नाही. आपल्याकडे आठशेच्या आसपास पडतो. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि उतारावर बोटभर मातीखाली लगेच काळा पाषाण. पाणी आलं तसं निघून जातं. तेव्हा आपल्या डोंगराला कोरडा म्हणायचं, तर पाऊस नाही म्हणून नव्हे, माती नाही म्हणून.

अबूवर रानं बदलतात ती उंचीमुळे. औंढ्याला तेवढी उंचीच नाही. इथं हिशेब मातीच्या जाडीचा. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर साचलेला. थराचा काही भाग कठीण, काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारा. म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा झाला. भूगर्भशास्त्रात याला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलेला आहे. आता गंमत अशी की प्रत्येक पायरीवर वेगळं बिऱ्हाड असतं. सपाटीवर मुरूम, तिथं फक्त गवत. उतारावर, जिथं दगडांच्या फटीत मूळ शिरतं, तिथं धावडा, पळस, खुरटा साग. दोन थरांच्या सांध्यातून पाणी पाझरतं त्या ओहोळाकाठी करंज आणि उंबर, तिथं बसलं की घाम सुकतो. उत्तरेकडचा उतार ओल जास्त दिवस धरतो, दक्षिणेकडचा भाजून निघतो. अर्ध्या तासाच्या चालीत ही सगळी बिऱ्हाडं भेटतात.

वर सपाटीवर एक शेळ्या राखणारे गृहस्थ होते. माझ्याच वयाचे असतील. म्हणाले, "गुरुजी, इथं काय बघाय आलात? इथं काही नाही." मी म्हटलं, बरं. मग हे कुठलं गवत? तर त्यांनी मारवेल दाखवलं, पवन्या दाखवला, कुठलं शेळी आधी खाते, कुठलं पावसाळ्यातच चालतं, कुठलं छपराला लागतं, हे पंधरा मिनिटं सांगत राहिले. माझ्या धोतराला कुसळं लागली होती. त्यातलं एक काढून त्यांनी तळहातावर ठेवलं, त्यावर पाण्याचा थेंब टाकला. कुसळाची शेपटी हळूहळू फिरायला लागली. ओल लागली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि असं करत बी स्वतःला जमिनीत रुजवून घेतं. आणि हेच गृहस्थ म्हणाले होते, इथं काही नाही!

हे 'काही नाही' त्यांचं नव्हे, मंडळी. ते त्यांना कागदानं शिकवलंय. सातबाऱ्यावर या जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात, म्हणजे जिथं पीक येत नाही ती. सतराव्या शतकात जॉन लॉकनं मांडलं की निव्वळ निसर्गावर सोडलेली, माणसाचे कष्ट न लागलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन. इंग्रजी महसुलाची नजर याच वळणाची होती, आणि आपण ती सोडली नाही. आजही देशाच्या पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघतात, त्यांत झुडपी माळ पडीक म्हणूनच येतो. 'ओसाड' हा शब्द वर्णन वाटतो, पण तो निवाडा आहे. एकदा निवाडा झाला की पुढचं सोपं असतं: खोदा, लावा, बांधा.

मीही हे केलं आहे. नोकरीत असताना मुलांना घेऊन श्रमदानाच्या शिबिरात एका माळावर खड्डे खणले, झाडं लावली. जगलं ते बहुतेक गिरिपुष्प, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. काही वर्षांनी गेलो तर खाली गवत विरळ झालेलं, आणि माळटिटवी दिसली नाही. तिला उघडाच माळ लागतो. हेतू चांगला होता, पण तिथं आधी काय आहे हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. ओहोळाकाठी लावा, तोडलेल्या रानात लावा. गवताच्या माळाला मात्र जंगलाची उमेदवारी करायला लावू नका.

नामदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. परंपरा सांगते ती याच औंढ्याची. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव रागावले, तेव्हा ते म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय नेऊन ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. मी वर्गात ही गोष्ट सर्वव्यापी ईश्वर समजावायला वापरत असे. त्या सकाळी मला ती जमिनीबद्दलची वाटली. दाखवा बरं, रिकामी जागा कुठं आहे?

कुणी जाणार असेल तर सकाळी नऊच्या आत वर पोचा, पाणी न्या, पायात बंद बूट घाला. आणि मुरमावर चालताना पायाखाली बघा. हे दिवस टिटवीच्या अंड्यांचे. ती घरटं बांधत नाही, खड्यांमध्येच अंडी घालते, आणि अंड्यांचा रंगही खड्यांचा. मी दोन पावलांवर उभा होतो, तरी मला दिसली नाहीत. शेळ्यावाल्यांनी काठीनं दाखवली. चार होती.