प्लेफेअर डिस्प्ले इटॅलिक : मोठ्या अक्षरात भारी, बारीक अक्षरात गायब!

लग्नाची ई-पत्रिका, कॅफेचा मेन्यू, इन्स्टाग्रामवरची सुविचाराची पोस्ट. जाड-बारीक रेघांची, उजवीकडे झुकलेली स्टायलिश इंग्रजी अक्षरं तुम्ही अशा ठिकाणी नक्की पाहिली असतील. त्यातला एक लोकप्रिय फॉन्ट म्हणजे प्लेफेअर डिस्प्ले इटॅलिक. डेन्मार्कचे डिझायनर क्लाउस एगर्स सोरेन्सन यांनी बनवलेला हा फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, धंद्याच्या कामासाठीही वापरता येतो.

याला 'हाय कॉन्ट्रास्ट सेरिफ' म्हणतात. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेल्या छोट्या रेघा. आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे इथे स्क्रीनच्या सेटिंगमधला नाही बरं का! एकाच अक्षरातल्या जाड आणि बारीक रेघेतला फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट. इटॅलिक म्हणजेही नुसतं तिरकं अक्षर नव्हे. त्यात अक्षराचं वळणच बदलतं. साध्या प्लेफेअरमधला 'ए' दुमजली दिसतो, इटॅलिकमध्ये तो हाताने लिहिल्यासारखा एकमजली होतो.

या वळणामागे 18 व्या शतकातले बर्मिंगहॅमचे मुद्रक जॉन बास्करविल आहेत. खरबरीत कागदावर नाजूक रेघ नीट उमटत नाही, म्हणून त्यांनी टाइपसोबत शाई आणि गुळगुळीत कागदावरही मेहनत घेतली. पुढे पार्माचे बोदोनी आणि पॅरिसचं दिदो घराणं यांनी हा जाड-बारीक फरक आणखी ताणला.

आज कागदाच्या जागी तुमचा फोन आहे, पण अडचण तीच. अक्षर लहान केलं की बारीक रेघ एका पिक्सेलपेक्षाही पातळ होते. मग फोन ती फिकट करडी दाखवतो आणि अक्षर तुटल्यासारखं दिसतं. त्यात व्हॉट्सॲप फोटो कॉम्प्रेस करतं. वधू-वरांची नावं झकास दिसतात, पण हॉलचा पत्ता आणि मुहूर्ताची वेळ वाचता येत नाही! नावातला 'डिस्प्ले' हेच सांगतो : हा फॉन्ट मथळ्यासाठी आहे. पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या फॉन्टमध्येच टाका. (नुसत्या 'प्लेफेअर' नावाच्या नव्या आवृत्तीत 'ऑप्टिकल साइझ'ची सोय आहे. त्यात लहान आकाराला रेघा जाड होतात.)

मराठीचं काय? प्लेफेअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे मराठी टाइप केलं तर ॲप गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं. वर इटॅलिकचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतं, आणि वेलांट्या-मात्रा विचित्र दिसायला लागतात. खरं तर जाड-बारीक रेघ आपल्याला नवीन नाही, बोरूने लिहिलेल्या अक्षरात ती असतेच. तसा थाट हवा असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' बघा. त्यात देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आहे, इटॅलिक मात्र नाही. कुठलाही देवनागरी फॉन्ट घेताना 'ल' आणि 'श' टाइप करून पाहा. बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात.

पत्रिका सगळ्यांना पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि झूम न करता वाचा. इंग्रजी 'ई'मधली बारीक रेघ दिसत नसेल तर साइझ वाढवा.