घाटमाथ्यावर सरी, खळ्यावर हळद

बावधनचं बगाड झालं की आमच्या वाई तालुक्यात हळदीची घाई असते. शिजवलेली हळद खळ्यावर पसरायची आणि पुढचे दहा-पंधरा दिवस तिला कडक ऊन द्यायचं. नेमक्या याच दिवसांत अंदाज येतो: कमाल तापमानात २ ते ३ अंशांनी घट, घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. पुण्यातल्या माझ्या बहिणीला ही सुखाची बातमी वाटते. मी ताडपत्र्या बाहेर काढते.

चैत्रात जमीन तापते, तापलेली हवा वर चढते. पण नुसत्या उष्णतेने पाऊस पडत नाही, त्याला ओल लागते. विदर्भापासून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा तयार झाला की बंगालच्या उपसागरावरची दमट हवा आपल्याकडे ओढली जाते. इकडे दुपारी अरबी समुद्रावरचं वारं कोकण ओलांडून सह्याद्रीला भिडतं आणि डोंगर त्याला वर ढकलतो. हवा वर जाते तशी निवते, बाष्पाचं पाणी होतं, आणि कधी कधी दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. या सगळ्याला दिवसभराचं ऊन लागतं, म्हणून वळीव सहसा दुपारनंतरच येतो. आमच्याकडे त्याची वाट पूर्वेकडे बघतात. तिकडचं आभाळ काळवंडलं की खळ्यावर पळापळ होते.

गारवा येतो तो पावसाच्याही आधी. ढगातून पडणाऱ्या थेंबांपैकी बरेच वाटेतच वाफ होऊन जातात आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतात. निवलेली जड हवा खाली कोसळते, धूळ उडवत पसरते. पत्रे उडतात ते याच वाऱ्याने. आभाळ रात्रीही भरलेलंच राहिलं, तर जमिनीतली उष्णता निघून जात नाही आणि उकाडा वाढतो. दिवसाचं तापमान घटलं म्हणजे रात्र गार जाईल, असं समजू नये. महाबळेश्वरचा गारवा वेगळा. ते वाईहून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे, आणि किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंश धरले तर तिथे एरवीही चारेक अंश कमीच असतात.

‘तुरळक ठिकाणी’ याला हवामान खात्याच्या भाषेत माप आहे: विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’. त्यामुळे पाचगणीत रस्ते वाहतात आणि पसरणीत धूळही बसत नाही, तरी अंदाज खरा असतो. त्याला खोटा म्हणणाऱ्यांशी मी दरवर्षी भांडते. कुठल्या शिवारात ढग फुटेल हे दोन दिवस आधी सांगता येत नाही, तासा-दोन तासांआधी मात्र रडारवर दिसतं. हळद भिजली की रंग उतरतो, बुरशी धरते, आणि व्यापारी पहिल्यांदा रंगच बघतो. तिकडे तासगावच्या शेडवरच्या बेदाण्याचंही हेच दुखणं.

पिवळा इशारा असेल त्या दिवशी हळद दुपारी दोनच्या आत गोळा करून झाका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर घ्या, ते जवळपासची वीज दाखवतं. आणि गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, राहिलेली हळद तशीच सोडून पक्क्या घरात या.