मोबाइलमधल्या चार खोल्या



आमच्या गटातल्या एका ताईंची सून तेलंगणातून आली. तिला मराठी येत नव्हतं. पोटात दुखायला लागलं तेव्हा कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, हे तिला दवाखान्यात सांगता येईना. सासूबाईच अंदाजानं बोलत राहिल्या. भाषा येत नसली की आपलं दुखणंही दुसऱ्याच्या तोंडून सांगावं लागतं!

त्यानंतर मी आभासी ग्रंथालयाबद्दल वाचलं. 'सेकंड लाइफ' हे संगणकावरचं त्रिमितीय जग २००३ साली सुरू झालं. त्यात आपली एक बाहुली असते, ती आपण चालवायची. २००६ साली अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी तिथे ग्रंथालय उभारलं. या जगात भाषा शिकणारेही येतात. बाहुली दुकानात जाते, हॉटेलात जाते, भेटेल त्याच्याशी बोलते. बोलताना चुकलं तरी आपला चेहरा कुणाला दिसत नाही, म्हणून भीड चेपते.

त्यासाठी चांगला संगणक आणि वेगवान इंटरनेट लागतं. आपल्याकडे ते नसलं तरी मांडणीची युक्ती घेता येते. पुस्तकं नावाप्रमाणे न लावता ठिकाणाप्रमाणे लावायची, आणि सोपं आधी, अवघड नंतर.

गटाच्या मोबाइलमध्ये चार फोल्डर करा: घर, बाजार, दवाखाना, बँक. या आपल्या चार खोल्या. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' संकेतस्थळावर चित्रांच्या गोष्टी फुकट मिळतात. त्यांवर वाचनाची पातळी दिलेली असते. बऱ्याच गोष्टी अनेक भाषांत आहेत, त्यामुळे एकच गोष्ट तेलुगूतही आणि मराठीतही शोधता येते. एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही वाचता येते.

गोष्टीत नसलेली वाक्यं आपल्याच आवाजात भरा. "इथे दुखतंय." "दोन दिवसांपासून." "ही गोळी जेवणाआधी की नंतर?" आधी ऐकायचं, मग म्हणायचं, मग एकीनं नर्स आणि एकीनं पेशंट व्हायचं. फोल्डर नीट ठेवायची जबाबदारी एकीकडेच द्या, नाहीतर महिन्याभरात सगळा पसारा होतो.

परवा ती सून दवाखान्यात गेली, तेव्हा नर्सताईंशी स्वतः बोलली. अडखळली, पण बोलली. सासूबाई बाहेर बाकावर बसून होत्या.

तुमच्या गावात परक्या भाषेतून आलेली कुणी असेल, तर येत्या बैठकीला तिला बोलवा. पहिली खोली कोणती उघडायची, ते तिलाच विचारा.