काट्यापासून पावतीपर्यंत

उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते. काट्याच्या पेटीवर लाल आकडे उमटतात. शेजारच्या खोलीतला संगणक ते आकडे घेतो. मग छापयंत्रातून पावती निघते. आपल्या वर्षभराच्या घामाचे पैसे त्या पावतीवर ठरतात. तेव्हा पेटीतला आकडा पावतीवर येतो कसा, हे आपल्याला ठाऊक नको का?

पुष्कळ काट्यांवर हे काम एक केबल करते. तिला सीरियल केबल म्हणतात. अरुंद वाटेने मेंढरे एकामागून एक जातात ना, तशा आकड्यांच्या खुणा एकाच तारेतून ओळीने जातात. या जोडणीचे नियम अमेरिकेत १९६० साली ठरले. त्यांना आर. एस. २३२ म्हणतात.

मुख्य तारा तीनच. एक बोलण्याची, दुसरी ऐकण्याची, तिसरी दोघांची सामाईक. संगणकाच्या नऊ पिनांच्या जोडात २ नंबरची पिन ऐकते, ३ नंबरची बोलते, ५ नंबरची सामाईक असते.

आता खुबी बघा. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी हवे. तोंडाला तोंड लावले तर ऐकणार कोण? म्हणून संगणकाला संगणक जोडताना एकीकडची ३ दुसरीकडच्या २ ला जोडतात, आणि २ ला ३. सामाईक तार मात्र ५ ला ५ अशी सरळ. इतर यंत्रांचे नंबर वेगळे असू शकतात. त्यांचे माहितीपत्रक आधी वाचावे. केबल जोडताना वीज बंद ठेवावी.

छापयंत्राला आणखी एक तार लागते, बरं का! संगणक भराभर बोलतो, छापयंत्र हळू लिहिते. सरीत पाणी भरले की दारे धरणारा हाक देतो, "थांबव!" तशी ही तार थांबायला सांगते. ती नसली तर अक्षरे गळू शकतात. १२४५० किलोतले शेवटचे शून्य गळाले, तर उरतील १२४५! दोन्ही यंत्रांचा वेगही एकच ठेवावा लागतो. नाहीतर आकड्यांऐवजी भलत्याच खुणा उमटतात.

ही केबल साधारण ५० फुटांपर्यंत चालते. त्यापुढचे काम मोडेमचे. तो खुणांचे आवाज करून दूरध्वनीच्या तारेवर सोडतो. पलीकडचा मोडेम त्या आवाजांच्या पुन्हा खुणा करतो. मोडेमला केबल सरळच लागते, कारण त्याची २ नंबरची पिन बोलते आणि ३ नंबरची ऐकते. आपल्या वारणानगर भागात १९९८ साली सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याची योजना सुरू झाली. उसाच्या वजनाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा तिचा एक हेतू होता.

मंडळी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. केबल फक्त निरोप्या आहे. काटाच चुकला, तर ती चुकीचाच आकडा बिनचूक पोहोचवील. काटा तपासणे हे वैधमापन खात्याचे काम. आपले काम सोपे आहे. पेटीवरचा आकडा वाचा, वहीत लिहा आणि पावतीशी ताडून पाहा. वाचायला शिकलो ते याचसाठी.