कुत्र्यांनाही हवा मुक्त गोठा



बारा महिने दावणीला बांधलेली गाय आणि मुक्त गोठ्यात फिरणारी गाय यांतला फरक आपण जाणता. मोकळी गाय निवांत रवंथ करते, अंग घासते, तिचा माज वेळेवर ध्यानात येतो. हाच न्याय निवाऱ्यातल्या कुत्र्यालाही लागू आहे, आणि आपल्या मावळात त्याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके, क्रीडासंकुले यांच्या आवारातील भटकी कुत्री उचलावीत, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. लोणावळा, तळेगाव, वडगाव येथील अशी आवारे त्यात आलीच. शिवाय जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग दोन्ही मावळातून जातात. गाडीखाली सापडून लंगडी झालेली कुत्रीही निवाऱ्याच्याच आधाराने जगतात.

निवारा आपल्याकडे नवा नाही. भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून १८३२ साली मुंबईत दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. जीव वाचला, पोट भरले. पण पुढचे दिवस त्या जनावराने कसे काढायचे, हा प्रश्न राहतोच.

पिंजऱ्यात काय होते?

कुत्रा कळपात राहणारा प्राणी. एकटा कोंडला, की तो गोल गोल फिरतो, जाळी चावतो, पाय चाटून जखम करून घेतो. एक भुंकला की सारे भुंकतात; भरलेल्या निवाऱ्यात हा गोंगाट १०० डेसिबलच्या वर जातो. असा कुत्रा पाहुण्याच्या अंगावर धावून येतो. मग त्याला कोणी घरी नेत नाही, आणि त्याचा पिंजरा दुसऱ्यासाठी रिकामा होत नाही.

यावर अमेरिकेत एमी सॅडलर या प्रशिक्षक बाईंनी खेळगटाची रीत रुजवली. रोज थोडा वेळ, माणसाच्या देखरेखीखाली, जुळणारी कुत्री एकत्र मोकळी सोडायची. खेळून आलेला कुत्रा पिंजऱ्यात शांत झोपतो. घाण बाहेरच होते, त्यामुळे पिंजरा कोरडा राहतो. आणि कोणाचा स्वभाव कसा, हे सांभाळणाऱ्याला दिसते.

खेळगट कसा चालवावा?

१. नवा कुत्रा निदान दोन आठवडे वेगळा ठेवावा. रेबीज, डिस्टेंपर व पार्वो यांच्या लसी आणि नसबंदी झाल्यावरच गटात घ्यावा. आजारी, गाभण व पिलांची आई यांना गटात सोडू नये.

२. पाच-सहा कुत्र्यांना एक-दोन गुंठे जागा पुरे. कुंपण सहा फूट उंच व दार दुहेरी असावे. आत अन्न, हाड किंवा चेंडू ठेवू नये; भांडणाचे मूळ तिथेच असते.

३. आरंभ दोन शांत, मोठ्या कुत्र्यांपासून करावा. शक्यतो एक नर व एक मादी. ती रुळली की तिसरा सोडावा. वीस-तीस मिनिटे बस्स.

४. दोन माणसे हवीतच. पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर केला, पाठलागात पाळी बदलली, अंग सैल राहिले, तर तो खेळ समजावा. अंग ताठ, नजर रोखलेली, मानेवरचे केस उभे. किंवा शेपूट पायांत घालून एक कुत्रा कोपऱ्यात. असे दिसताच त्यांना वेगळे करावे.

५. भांडण जुंपल्यास मध्ये हात घालू नये. पाण्याचा फवारा मारावा किंवा फळी आड धरावी. चावा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

काही कुत्र्यांना संगत मानवत नाही. त्यांना साखळीने एकटे फिरवावे, बळजबरी नको.

मावळात विशेष काळजी

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चिखलात कुत्र्यांची बोटे सडतात आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टो पसरतो. म्हणून गोठ्याप्रमाणेच आवाराला उतार द्यावा, मुरूम ठोकावा, चर काढावा आणि काही भागावर पत्रे घालावेत. पावसाळ्यात उघडीप साधावी, वैशाखात सकाळ गाठावी. खेळानंतर कान व बोटांच्या बेचक्या पाहून गोचीड काढावेत. बिबट्याचा वावर असल्याने दिवेलागणीपूर्वी सर्व कुत्री आत घ्यावीत.

आपला वाटा

या कामाला पैशापेक्षा माणसे व जागा अधिक लागतात. निवारा जवळ असेल तर ग्रामपंचायतीने गुंठाभर पड जागेचा विचार करावा. तरुण मुलांनी रीत शिकून घेऊन आठवड्यातून एक सकाळ द्यावी. लहान मुलांना मात्र आवारात सोडू नये. राखणीला कुत्रा हवा असेल तर निवाऱ्यात जाऊन त्याला गटात खेळताना पाहा. जो इतरांशी जुळवून घेतो, त्याच्या स्वभावाचा थोडाफार अंदाज तिथेच येतो.

आणि घरचा राखणदार? त्याची साखळीही दिवसातून तासभर सोडा. खंडोबाच्या पायाशी आपण कुत्र्याला मानाने पाहतो; अंगणातल्या कुत्र्याला निदान मोकळे पाय तरी मिळू द्या.